मेंदूचं वजन आणि बैलाचं दुखणं

नांदणीच्या जैन मठाची माधुरी हत्तीण २०२५ च्या जुलैअखेर जामनगरच्या वनतारा या प्राण्यांच्या केंद्रात नेली, तेव्हा त्यावरून पेटलेला वाद कोल्हापूर जिल्ह्यापुरता राहिला नाही. मठाला मानणारी घरं बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चिकोडी-निपाणी भागातही आहेत. कट्ट्यावर, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. हत्तीण कुठं असावी, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि त्यावर मला इथं काही म्हणायचं नाही. मला खटकलं ते वेगळंच. भांडणाऱ्या दोन्ही बाजू एकच पुरावा पुढे करत होत्या. एक म्हणायचा, "पाच किलोचा मेंदू आहे तिचा, ती मठाला विसरेल होय?" दुसरा म्हणायचा, "पाच किलोचा मेंदू आहे म्हणूनच साखळीचा जाच तिला माणसासारखा कळतो." पुढे सुगी आटोपली, शर्यतींचे दिवस आले आणि याच माणसांपैकी कित्येकांच्या तोंडी वेगळं वाक्य आलं: "बैलाला काय कळतंय? केवढासा मेंदू त्याचा!" खानापूरकडे तर तिसरीच तऱ्हा. दांडेलीच्या रानातून आलेल्या हत्तींनी भाताच्या गंजी विस्कटल्या की तोच मोठा मेंदू गुन्ह्याचा पुरावा होतो. एवढं हुशार जनावर, ते मुद्दाम करतं, डूख धरतं, असं म्हटलं जातं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. मेंदूच्या वजनावरून बुद्धी ठरत नाही, जाणीव तर मुळीच ठरत नाही, आणि कुणाला दुखतं हे ओळखायला या दोन्हींचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागत नाही. हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते एकाच ताजव्यात टाकतो, म्हणून हत्तीवर भाबडी माया आणि बैलावर अन्याय अशा दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखानं नांदतात. आणि ही फक्त जनावरांची गोष्ट नाही. याच ताजव्यात एकेकाळी बायका, आफ्रिकेतली माणसं आणि आपण सगळेच घातले गेलो आहोत.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य केलं पाहिजे, कारण ते थोडंथोडकं नाही. साधारण तीस लाख वर्षांत आपल्या पूर्वजांच्या कवटीतली जागा साडेचारशे घन सेंटिमीटरवरून साडेतेराशेपर्यंत गेली. दगडी अवजारं, आग, भाषा या सगळ्या गोष्टी याच वाटेवर कुठंतरी आल्या. मेंदू पोसायला फार महाग. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतली सुमारे २० टक्के तो एकटा खातो. काही उपयोग नसता तर असा अवयव पिढ्यानपिढ्या कुठल्याच प्राण्याला परवडला नसता. मायक्रोसेफली घेऊन जन्मलेल्या, म्हणजे डोकं फारच लहान राहिलेल्या मुलांना बहुतेक वेळा बौद्धिक अडचणी येतात, हेही खरं. इतकंच काय, धडधाकट माणसांची आपसात तुलना केली तरी आकाराचा काहीतरी संबंध दिसतो. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका मोठ्या विश्लेषणात मेंदूचा आकार आणि बुद्ध्यंक यांच्यातला सहसंबंध सुमारे ०.२४ निघाला. तो शून्य नाही, आणि शून्य आहे असं सांगणारे लोकही वाद नीट करत नाहीत.

पण ०.२४ म्हणजे किती? माणसामाणसांच्या बुद्ध्यंकात जो फरक असतो, त्यातल्या सहाएक टक्क्यांचा मेळ मेंदूच्या आकाराशी लागतो. उरलेल्या चौऱ्याण्णव टक्क्यांचा लागत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्याला हे फोड करून सांगायची गरज नाही. कारखान्याच्या काट्यावर टन मोजले जातात, पण साखर किती पडणार ते उताऱ्यावर ठरतं, आणि उतारा बदलतो तो उसाच्या जातीनं, जमिनीनं, पाण्यानं, तोडणीला झालेल्या उशिरानं. काट्याची पावती खोटी नसते. तिच्यावरून साखरेचा आकडा सांगू नये एवढंच. आइन्स्टाइन यांचा मेंदू मृत्यूनंतर काढून तोलला गेला, तो भरला १२३० ग्रॅम, सरासरी पुरुषापेक्षा कमीच. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांचा भरला २०१२ ग्रॅम. फ्रेंच साहित्यिक अनातोल फ्रान्स यांचा हजारापेक्षा थोडाच जास्त, म्हणजे तुर्गेनेव्ह यांच्या जेमतेम निम्मा. १९२१ चं साहित्याचं नोबेल अनातोल फ्रान्स यांना मिळालं आणि त्याच वर्षाचं भौतिकशास्त्राचं आइन्स्टाइन यांना. निअँडरथल माणसाची कवटी आपल्याएवढी, कधी आपल्याहून मोठीही असे. उलट इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर ज्यांचे सांगाडे २००३ साली सापडले, त्या ठेंगण्या मानवांचा मेंदू जवळपास चिंपांझीएवढा होता, तरी त्यांच्या अवशेषांसोबत दगडी अवजारं मिळाली आहेत.

प्राण्यांच्या जातीजातींमधली तुलना करू गेलं तर वजनाचा हिशेब पहिल्याच पायरीवर फसतो. बैलाचा मेंदू साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाचा शंभराच्या आत. ज्यानं शेतात माकडाला भुईमूग उपटून शेंगा गालात भरताना आणि राखणदार कुठल्या बांधावर आहे ते बघून उलट्या बांधानं पसार होताना पाहिलंय, तो बैलाला माकडाच्या चौपट हुशार म्हणेल का? शरीराशी प्रमाण धरून बघावं तर उंदराचं प्रमाण जवळजवळ माणसाएवढंच येतं. मग फरक कुठं आहे? ब्राझीलच्या मेंदूशास्त्रज्ञ सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांनी मेंदूचं वजन सोडून त्यातल्या चेतापेशी मोजायची पद्धत काढली. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८६ अब्ज भरल्या. हत्तीच्या मेंदूत तब्बल २५७ अब्ज, म्हणजे आपल्या तिप्पट. इथपर्यंत ऐकून हत्तीवाल्यांनी जिंकलो म्हणू नये, कारण त्यातल्या जवळपास ९८ टक्के पेशी एकट्या लहान मेंदूत आहेत. मानेच्या वर, मागच्या बाजूला असलेला हा भाग हालचालींचा तोल आणि मेळ सांभाळतो. सोंडेसारखा नाजूक आणि ताकदवान अवयव चालवण्यासाठी हत्तीला एवढ्या पेशी लागत असाव्यात, असा अंदाज आहे. विचार, नियोजन, स्मरण यांच्याशी ज्याचा जास्त संबंध येतो त्या मोठ्या मेंदूच्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, हत्तीच्या पेशी साडेपाच अब्जांच्या आसपास आहेत. माणसाच्या १६ अब्ज.

आणि कावळा? मलप्रभेच्या काठावर दहाव्याला गेलेल्या प्रत्येकानं त्याला जवळून पाहिलेलं असतं. पिंड मांडला जातो, तो फांदीवर मान तिरकी करून बसतो. एका डोळ्यानं पिंडाकडं, एका डोळ्यानं माणसांकडं. इकडं घरचे बोलत असतात: पोराचं शिक्षण करतो, धाकटीचं लग्न लावून देतो. माणसं चार पावलं मागं सरली की तो खाली येतो, पुन्हा थबकतो, मग चोच मारतो. त्या चार पावलांचा हिशेब तो करतो, हे तिथं उभ्या असलेल्या कुणालाही दिसतं. कावळ्याचा मेंदू वजनानं दहा-पंधरा ग्रॅमच्या घरातला. पण २०१६ साली पक्ष्यांच्या चेतापेशी मोजल्या गेल्या तेव्हा कळलं की त्या इतक्या दाट बसलेल्या असतात की थोराड कावळ्याच्या अग्रमेंदूत त्यांची संख्या एक अब्जाच्या वर जाते. त्याच्यापेक्षा कितीतरी वजनदार मेंदूच्या माकडांशी त्याची बरोबरी होते. न्यू कॅलेडोनियाचे कावळे काटक्या तोडून-तासून आकडे करतात आणि खोडातल्या अळ्या ओढून काढतात. मधमाशीचा मेंदू तर मिलिग्रॅमभर, पेशी दहा लाखांच्या आसपास. तरी पोळ्यावर नाचून ती फुलांची दिशा आणि अंतर बहिणींना सांगते. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडलं, त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. पुढच्या प्रयोगांत तिला "सारखं" आणि "वेगळं" यांतला भेद शिकवता आला, आणि २०२२ साली भुंग्यासारख्या थोराड माश्या, कसलंही बक्षीस नसताना, लाकडी गोळ्या पुन्हा पुन्हा लोळवत बसलेल्या आढळल्या.

इथवरचा भाग मी भराभर सांगितला, कारण त्यावर आता फारसा वाद उरलेला नाही. जिथं थांबायला हवं ती जागा पुढे आहे. वजन फसवं असूनही दोनशे वर्षं माणसं त्याला का चिकटून राहिली? कारण त्यातून हवं ते उत्तर मिळत होतं. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टन यांनी जगभरच्या शेकडो कवट्या जमवल्या. त्या आधी बियांनी, मग शिशाच्या गोळ्यांनी भरून आतली जागा मोजली आणि वंशांची उतरंड लावली. वर गोरे, तळाशी काळे. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका मेंदू तोलत होते आणि बायकांचा मेंदू हलका म्हणून त्यांची बुद्धीही उणी असं मांडत होते. १८८७ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज रोमनिस यांनी बायकांचा मेंदू सरासरीनं पाच औंस हलका असल्याचं सांगून त्यावरून बायकांच्या बौद्धिक मर्यादेचा निष्कर्ष काढला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या, आणि त्याही मॉर्टन यांच्या कवट्यांच्या त्याच फिलाडेल्फियात. एका बाजूला ग्रॅम आणि औंसांची कोष्टकं आणि दुसऱ्या बाजूला पदवी हातात घेऊन उभी असलेली वीस वर्षांची मराठी बाई. ज्यांना कोष्टकच बघायचं होतं त्यांना ती दिसली नाही.

कोष्टकाला कोष्टकानंच उत्तर दिलं ते लंडनच्या ॲलिस ली यांनी. १८९८ साली डब्लिनला शरीररचनाशास्त्रज्ञांची बैठक भरली होती, तिथं हजर असलेल्या पस्तीस तज्ज्ञांच्या डोक्यांची मापं घेतली गेली. ली यांनी त्यावरून प्रत्येकाच्या कवटीची क्षमता काढली आणि मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं नावं मांडली. काही फार नामांकित विद्वान यादीच्या तळाशी गेले. शेजारी त्यांनी महाविद्यालयातल्या विद्यार्थिनींची मापं ठेवली. त्यातल्या काहींची क्षमता नावाजलेल्या पुरुषांपेक्षा जास्त होती. कवटी मोठी म्हणजे बुद्धी मोठी, हे ज्यांनी म्हटलं त्यांच्याच डोक्यांवर ते सिद्ध होईना.

याच मालिकेतलं एक नाव आपलं आहे आणि ते आपल्याकडं फार कमी सांगितलं जातं. १९२० च्या दशकाअखेर इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करायला गेल्या. फिशर यांचा समज असा, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते, कारण त्याच्या मेंदूचा पुढचा भाग एका बाजूला जास्त वाढलेला असतो, आणि हीच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण. बिगरयुरोपीयांत हे नसणार. हे सिद्ध करण्यासाठी इरावतीबाईंच्या पुढ्यात १४९ कवट्या ठेवल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक आफ्रिकेतल्या माणसांच्या होत्या. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे अशा माणसाच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असताना त्या तरुण बाईनं कवटी कवटी मोजली आणि लिहिलं की असमानता सगळ्यांच्यात आहे, वंशाशी तिचा संबंध नाही. हेच फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि नाझींच्या वंशशास्त्राला त्यांनी विद्वत्तेचं कवच पुरवलं, हे आठवलं म्हणजे त्या साध्या निष्कर्षामागचं धैर्य कळतं.

इथं एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो टाळू नये. मॉर्टन यांनी आकड्यांत लबाडी केली, असं बरेच दिवस मानलं जात होतं. पण २०११ साली त्याच कवट्या पुन्हा मोजल्या गेल्या तेव्हा त्यांची मापं बरीचशी बरोबर निघाली. इरावतीबाईंनीही पुढे पुण्यात असताना माणसांची मोजमापं घेतलीच. म्हणजे मोजणं हे पाप नाही, हे मला मान्य आहे. उलट मॉर्टन यांची मापं बरोबर होती, यानंच माझं म्हणणं पक्कं होतं. मापं बरोबर असूनही निष्कर्ष चुकला, कारण कवटीतली जागा मोजून बुद्धी मोजली असं धरून चालण्यातच चूक होती. १९०१ च्या जनगणनेत हर्बर्ट रिसले यांनी नाकाच्या रुंदीवरून हिंदुस्थानातल्या जातींची उतरंड लावू पाहिली, तेव्हाही पट्टी बरोबरच असेल. एका आकड्यावर गावाचं भवितव्य ठरवलं की त्या गावात राहणाऱ्यांना काय वाटतं, हे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन अहवालानंतर आमच्या सीमाभागाला शिकवायला नको. मग हीच सवय आपण गोठ्यात का न्यावी?

आता जाणिवेकडं वळू, कारण हत्तीच्या वादात खरी गल्लत तिथंच झाली. बुद्धी म्हणजे अडचण सोडवणं, शिकणं, आडाखे बांधणं. जाणीव म्हणजे आतून काहीतरी अनुभवास येणं: भूक लागल्याचं, ऊन तापल्याचं, भीती वाटल्याचं. मेंदू जेवढा मोठा तेवढी जाणीव जास्त, असं बरेच जण गृहीत धरतात. ते तपासायला लांब जायला नको, आपलाच मेंदू बघावा. माणसाच्या ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज लहान मेंदूत आहेत. २०१४ साली चीनमधल्या चोवीस वर्षांच्या एका बाईची तपासणी झाली. चक्कर आणि चालताना झोक जाण्याची तिची तक्रार होती. तिला लहान मेंदू जन्मापासून नव्हताच. ती उशिरा चालायला लागली, उशिरा बोलायला लागली, पण ती पूर्ण जाणिवेत जगणारी बाई होती. पाचांतल्या चार पेशी ज्या भागात राहतात तो नसतानाही जाणीव राहिली. असाध्य फेफऱ्यापायी काही मुलांच्या मेंदूचा एक अख्खा गोलार्ध, म्हणजे अर्धा मेंदू, काढून टाकावा किंवा तोडावा लागतो, तीही मुलं शाळेत जातात, हसतात, रुसतात. याच्या उलट मेंदूच्या बुडाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात एका विशिष्ट जागी जरासा रक्तस्राव झाला तर वरचा सगळा मेंदू शाबूत असूनही माणूस कोमात जातो. आणि भूल? भूल दिल्यावर मेंदूचं वजन ग्रॅमभरही घटत नाही, पेशी तेवढ्याच राहतात, पण जाणीव जाते आणि तासाभरानं परत येते. वजनाशी ती बांधलेली असती तर असं कसं झालं असतं?

म्हणजे जाणीव राहते ती किती पेशी आहेत यावर नाही, काही विशिष्ट भाग एकमेकांशी कसे बोलतात यावर, एवढं आज बऱ्यापैकी नक्की म्हणता येतं. ते बोलणं नेमकं कसं होतं आणि त्यातून अनुभव का उमटतो, यावर शास्त्रज्ञांत मोठे मतभेद आहेत. त्या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात बारापेडेच्या गुहा आहेत. रॉटनचं वटवाघूळ म्हणून ओळखली जाणारी जात जगाला पहिल्यांदा तिथूनच कळली. तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७४ साली विचारलं होतं की वटवाघूळ असणं म्हणजे आतून कसं वाटत असेल. स्वतःच्या आवाजाच्या पडसादांवर जग ओळखणाऱ्या त्या चिमुकल्या मेंदूला बारापेडेचा अंधार कसा भासतो, हे आपण मेंदू चिरून, तोलून, पेशी मोजूनही सांगू शकणार नाही. पण "कसं वाटतं हे आपल्याला कळत नाही" यातून "त्याला काही वाटतच नाही" असा निष्कर्ष काढायला कुठलाच आधार नाही. जर्मनीत २०२० साली कावळ्यांना पडद्यावर अंधूक ठिणगी दिसली की नाही ते कळवायला शिकवलं. ठिणगी इतकी पुसट की तीच ठिणगी कधी दिसायची, कधी दिसायची नाही. कावळ्यांच्या मेंदूतल्या कित्येक पेशी ठिणगीबरोबर हलल्या नाहीत, कावळ्यानं "दिसली" म्हटलं त्याबरोबर हलल्या. माकडांत अशी खूण सापडली तेव्हा तिला जाणिवेची खूण म्हटलं गेलं होतं. दहा-पंधरा ग्रॅमच्या मेंदूत, जिथं आपल्यासारखा थरांचा कॉर्टेक्स नाही तिथं, ती सापडली.

तर मग पाच किलोंचा मुद्दा हत्तीच्या कामाचाही नाही. त्याच्या बहुतेक पेशी नेमक्या त्या भागात आहेत, ज्याच्यावाचून जाणीव अडत नाही. हत्तीला मन नाही असा याचा अर्थ मुळीच होत नाही. मेलेल्या जातभाईच्या हाडांपाशी थांबणारे, पिलाला मधे घेऊन रस्ता ओलांडणारे हत्ती ज्यांनी पाहिलेत ते असं म्हणणार नाहीत. पण त्या मनाची बाजू मांडायची तर या वागण्याच्या जोरावर मांडावी. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या हॅपी नावाच्या हत्तिणीनं २००६ साली आरशात स्वतःला ओळखलं होतं. तिच्या सुटकेचा खटला तिच्या बुद्धीच्या आणि स्वायत्ततेच्या आधारे लढवला गेला आणि २०२२ साली पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. हुशारीच्या परीक्षेवर न्याय मागायला गेलं की असं होतं. परीक्षेची पातळी किती ठेवायची हे परीक्षक ठरवतो, आणि जी जनावरं आरशात स्वतःला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी तर दारच बंद होतं.

हुशारीवरून दुखणं ठरवण्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण जनावरांचं नाही, माणसांच्या लेकरांचं आहे. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या चांगल्या रुग्णालयांत नवजात बाळांवर, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या, पुरेशी वेदनाशामकं न देता शस्त्रक्रिया होत होत्या. त्यांचा मेंदू अजून पक्का झालेला नाही, त्यांना तसं दुखत नाही, ते आठवणार नाही, असं मानलं जात होतं. स्नायू लुळे पडण्याचं औषध दिलं की बाळ हलत नसे, आणि हलत नाही म्हणजे दुखत नाही असं धरलं जाई. कंवलजीत आनंद या मूळच्या भारतीय डॉक्टरांनी अशा बाळांच्या रक्तातल्या ताणाच्या संप्रेरकांचा अभ्यास केला. वेदनाशामक मिळालेल्या बाळांत तो उसळता ताण कमी राहिला आणि गुंतागुंतीही घटल्या. १९८७ साली हे प्रसिद्ध झालं आणि पद्धत बदलू लागली. त्या डॉक्टरांना बाळाची हुशारी मोजावी लागली नव्हती. "मेंदू अजून लहान आहे" या एका समजुतीपायी किती लेकरांनी काय भोगलं असेल, हा विचार मला अजून सहन होत नाही.

"मग मोजायचं कसं? सगळंच भावनेवर सोडायचं का?" असा प्रश्न मला विचारला जातो आणि तो रास्त आहे. नाही, भावनेवर सोडायचं नाही. दुखण्याच्या खुणा तपासता येतात. लंगड्या झालेल्या ब्रॉयलर कोंबड्यांपुढं दोन तऱ्हेचं खाद्य ठेवलं, एक साधं, एक वेदनाशामक मिसळलेलं. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य धडधाकट कोंबड्यांपेक्षा जास्त खाल्लं, आणि लंगडणं जेवढं जास्त तेवढं औषधही जास्त. दाण्याएवढी बुद्धी म्हणून आपण जिला हिणवतो ती कोंबडी तिच्या परीनं सांगत होती की हे मला सोसत नाही. बैलाच्या बाबतीत तर प्रयोगशाळाही नको. शर्यतीआधी जुंपलेल्या बैलाच्या जवळ उभं राहून बघा. वेसण ओढली की तो दोराच्या उलट जोर करत नाही, नाकपुडी दोराच्या दिशेनं नेतो, कारण दोर सैल पडला की कळ थांबते हे तो शिकलेला आहे. मागं माणसानं पराणी उचलली की तिची आर, म्हणजे टोकाचा खिळा, कातडीला लागायच्या आधीच त्याच्या पुठ्ठ्यावरची कातडी थरथरते आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो. टोचल्यावर अंग आक्रसणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. टोचायच्या आधी आक्रसणं म्हणजे मागच्या टोचण्याची आठवण आणि पुढच्या टोचण्याची भीती, दोन्ही आलं.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवीन नाही. तहानलेलं गाढव बघून एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगा त्याच्या तोंडात ओतली, तेव्हा गाढव किती शहाणं याची चौकशी केली नव्हती. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ सालची. तिच्या आसऱ्यानं या भागात जो जैन विचार रुजला, त्यात जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून होते. मुंगी तीन इंद्रियांची, मधमाशी चार इंद्रियांची, बैल आणि माणूस दोघेही पाच इंद्रियांचे. त्यातले सगळे तपशील आजच्या जीवशास्त्राला पटतील असं नाही, आणि मन असलेले व नसलेले असा भेद त्यातही आहे. पण आधी विचारलेला प्रश्न योग्य आहे: याला काय काय जाणवू शकतं? आपल्या कायद्यानंही तेच केलं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अनावश्यक वेदना आणि यातना यांबद्दल बोलतो. त्यात मेंदू किती मोठा असावा याची अट नाही.

माझ्या शेतकरी भावांचा शेवटचा आक्षेप मला ठाऊक आहे: "मग औत पण सोडायचं का? हत्तीनं भात तुडवला तरी हात जोडून उभं राहायचं का?" तसं मी म्हणत नाही. ज्याचं वर्षाचं भात एका रात्रीत गेलं, त्याला भरपाई वेळेत मिळालीच पाहिजे आणि हत्तींच्या वाटा रानात मोकळ्या राहिल्या पाहिजेत. हत्ती डूख धरतो की नाही यावर वाद घालून यातलं काहीच होत नाही. भुकेलं जनावर पिकलेल्या भाताकडं येतं. आणि शर्यतींचं म्हणाल तर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या थांबवल्या, २०१७ साली कर्नाटक आणि महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं त्या वैध ठरवल्या. शर्यती होणार आहेत, हे धरूनच मी बोलते. शर्यत भरवणाऱ्या प्रत्येक कमिटीनं परवानगीच्या अर्जासोबत चार माणसांची नावं द्यावीत. त्यातला एक जनावरांचा डॉक्टर असावा, एक बाई असावी आणि एकाचाही बैल त्या दिवशी धावत नसावा. पराणीला आर आहे का, शेपूट पिरगाळलं का, जुंपून उन्हात किती वेळ उभा केला, धावून आल्यावर पाणी कधी दाखवलं, एवढं त्यांनी प्रत्येक जोडीमागं लिहून काढावं आणि निकाल पुकारायच्या आधी भोंग्यावरून वाचून दाखवावं. आर सापडली तर ती जोडी बाद. येत्या यात्रेच्या बैठकीत हा ठराव मांडायला वरून कुणाची मंजुरी लागत नाही.